निकोडे मास्तरांचे चिंचोके

निकोडे मास्तर कुठेही भेटले तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "पानी पेली का वं?" बाजारात भेटले तरी तेच, रेल्वेच्या फाटकाशी भेटले तरी तेच, कुणाच्या मयतीहून परतताना भेटले तरी तेच. कशी आहेस, अभ्यास काय म्हणतो, वडिलांचा खोकला कसा आहे, हे सगळं नंतर. सिंदी रेल्वेत नव्याने आलेल्या माणसाला वाटे, मास्तरांनी आमच्याकडच्या उन्हाळ्याची फारच धास्ती घेतली आहे. पण ते भर थंडीतही हेच विचारत. थंडीत जरा जास्तच विचारत.

आमचं घर त्यांच्या घराला लागून होतं. माझ्या वडिलांचा पायाने चालवायचा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर तो जगत असे आणि पत्रकांवर त्याचा जीव असे. संपाची, मोर्चांची, सभांची पत्रकं तिथे निघत. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. 'बंधुभगिनींनो' हा शब्द मला स्वतःच्या नावाआधी लिहिता आला, असं वडील कौतुकाने सांगत. अशा घरात वाढलेल्या मुलीला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात: लढणारी आणि गप्प बसणारी. मास्तरांना कुठल्या रांगेत उभं करायचं, हे मला फार दिवस कळलं नाही. अजूनही पुरतं कळलं आहे असं नाही.

ते आमच्या शाळेत विज्ञान शिकवत. घरची भाजीची वाडी होती. पहाटे वांग्याला पाणी देऊन ते शाळेत येत, त्यामुळे नखांत माती आणि बोटांवर खडू, असा त्यांचा हात असे. सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. ते सायकल हातात धरून चालत. मागच्या कॅरियरवर पूर्वी त्यांचा मुलगा सुधाकर बसलेला असे. मुलगा मोठा झाला, कॅरियर रिकामं राहिलं, तरी मास्तरांची चालण्याची सवय गेली नाही. "बसलो का मांगं पाहता येत नाई," असं ते म्हणत, आणि मागे कुणी नसतानाही मान वळवून पाहत.

सुधाकर माझ्याच वर्गात होता. पिवळसर डोळ्यांचा, काडीसारखा, पण जिभेने तिखट. पावसाळा आला, थंडी आली, की त्याचे सांधे असे दुखायचे की पोरगा अंथरुणात गुरासारखा ओरडायचा. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू येई. गावातल्या डॉक्टरांनी वात म्हणून सुया टोचल्या, देवऋष्याने बाहेरची बाधा म्हणून कोंबडं मागितलं. तालुक्याच्या दवाखान्यात वातावरच्या गोळ्यांचे डबे होते, सूक्ष्मदर्शक नव्हता. मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण हे कुणी लिहून ठेवत नाही: आमच्या भागातल्या कितीतरी पोरांनी त्या गोळ्या खात खात जीव सोडला आणि त्यांच्या आयांना सांगण्यात आलं की पोराकडे तुमचं लक्ष नव्हतं.

शेवटी मास्तर मुलाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे आजाराला नाव मिळालं: सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे वेदना. अंगातलं पाणी कमी झालं की जास्त वाकतात, थंडी लागली की जास्त अडकतात. म्हणून पाणी.

शाळेत सुधाकरला सारखं पाणी प्यावं लागे आणि सारखं बाहेर जावं लागे. पोरं हसत. मास्तरांनी पोरांना रागावलं नाही. त्यांनी आपल्या तासाला नवा नियम केला: मधेच ते टेबलावर डस्टर आपटत आणि सगळ्या वर्गाने उठून माठातलं पाणी प्यायचं. बाहेर जायला कुणी विचारायचं नाही, जायचं. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, "निकोडे, हा वर्ग आहे का पाणपोई?" मास्तर म्हणाले, "साहेब, एकटा पेला त बिमार दिसते. सारे पेले त तहान दिसते." नियम राहिला. आम्ही वर्षानुवर्षं पाणी पीत राहिलो, आणि त्यातला एकच जण त्या पाण्यावर जगतो आहे हे आम्हाला कळलंही नाही.

नागपूरच्या एका तरुण डॉक्टरांकडून मास्तर रक्त तपासायची साधी रीत शिकून आले. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर थेंब घ्यायचा, त्यात औषधाचा थेंब मिसळायचा, वर पातळ काच ठेवायची आणि कडा मेणाने बंद करायच्या. आत हवा राहिली नाही की दोषी पेशी हळूहळू विळ्याचा आकार घेतात. शाळेचा सूक्ष्मदर्शक शनिवारी दुपारी मास्तरांच्या वाडीवरच्या खोपटात जाई. काच बंद करून थांबावं लागे. त्या वेळात मास्तर वांगी तोडत आणि रक्त दिलेला माणूसही आपसूक वांगी तोडायला लागे. मग डोळा लावून पाहणारे म्हातारे दचकत. "अबे, हे त इळेच इळे हायेत!" नक्की निदान तेव्हा नागपूरलाच होई, पण नागपूरला जायची बुद्धी त्या खोपटात होई.

शिक्षकांच्या खोलीत एक जण एकदा म्हणाले, "हा तुमच्याच लोकांचा आजार म्हणे, निकोडे." मी वह्या ठेवायला गेले होते. माझे कान तापले. मास्तर शांतपणे म्हणाले, "हाओ, आमचाच. माळ्यांचा, तेल्या-कुणब्यांचा, बौद्धांचा, गोंडांचा. हिवतापानं लेकरं पटापट मरत होती, तवा ज्याच्या रगतात हे मायकडून नाई त बापाकडून, एकाच बाजूनं आलं होतं त्याले हिवताप सहजी मारत नव्हता. माही आजी तशीच जगली असन. म्हून त मी तुमच्यासंगं च्या पिऊन राह्यलो." आणि लगेच, "पानी पेले का तुमी? लय ऊन हाय."

मी मॅट्रिक होऊन वर्ध्याच्या कॉलेजात गेले. पिपरी मेघेला खोली घेऊन राहू लागले, तरी सुट्टीच्या दिवशी घरी असे. मास्तर तोवर गावोगावच्या शाळांत, बाजारांत जाऊन सिकलसेलबद्दल बोलू लागले होते. त्यांना वाटायला कागद हवा होता. लिहायला मी, छापायला वडील. मी एका बैठकीत मजकूर लिहून नेला. मथळा होता: 'आते-मामेभावंडांच्या लग्नांची होळी करा!'

मास्तरांनी चष्मा वर केला. "माह्या लग्नाची बी होळी करशीन का वं?"

मला तेव्हा कुठे आठवलं की त्यांची बायको, सिंधूबाई, त्यांच्या मामाचीच मुलगी. आतून सिंधूबाई हसल्या. मास्तरांनी मला समजावलं. नातं दोषी नाही. दोघांच्याही रक्तात तो गुण असणं, हे धोक्याचं. एकाच्या रक्तात एका बाजूने असेल तर तो माणूस ठणठणीत राहतो. लोक त्याला अर्धा म्हणतात. दोन अर्ध्यांचं लग्न झालं तर लेकराला दोन्हीकडून तो मिळू शकतो, आणि मग ते लेकरू सुधाकरसारखं. एकाच घराण्यात दोघं अर्धे असण्याचा संभव जास्त, एवढंच.

त्यांनी माझा मथळा खोडून लिहिलं: 'लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा.' उद्गारचिन्हही काढून टाकलं.

"यानं कोण पेटणार आहे मास्तर?"

"पेटवाचं कोनाले हाय? समजवाचं हाय."

पत्रकाचं शेवटचं वाक्य मात्र त्यांचं स्वतःचं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ते जाड टायपात लावायला सांगितलं होतं: 'वांग्याचं बियाणं पारखून धरता, तसं रक्त पारखून सोयरीक करा.' भाजीवाल्या शेतकऱ्याला ते पटकन भिडेल, असं त्यांना वाटे. आमच्याकडे वांग्याचं बी घरीच धरतात. वाडीतल्या सगळ्यांत चांगल्या झाडावरचं एक वांगं राखतात, कुणी तोडू नये म्हणून देठाला चिंधी बांधतात, पिवळं पडेस्तोवर झाडावरच पिकू देतात. त्या झाडाजवळ दुसऱ्या जातीचं झाड येऊ देत नाहीत. जात भेसळली की बी बिघडतं, एकजात राहिलं की पीक साधतं. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि तिथेच घात झाला.

मास्तरांची धाकटी बहीण गोदाबाई. समुद्रपूरजवळच्या एका खेड्यात दिलेली, तीही भाजीवाल्याच्याच घरी. गोरी, ठेंगणी, मोठ्या आवाजाची बाई. ती आली की आमच्या घरात बसून कळे. भावावर तिचा भारी जीव. मास्तरांचं सिंधूबाईंशी लग्न जमवलं तेही तिनेच. मामाच्या घरी हट्ट धरून बसली होती म्हणे. मास्तरांना मंदा झाली तेव्हा बारशाला आलेल्या गोदाबाईने आपल्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून पाळण्याच्या दांडीला बांधली. "हे माह्या गजाची," ती म्हणाली. "कोनी तोडू नका." सगळे हसले होते. आत्याने भाची मागणं यात नवल काहीच नव्हतं. गजा म्हणजे तिचा मुलगा गजानन तेव्हा अंगणात रांगत होता.

सिंधूबाईंना मात्र गोदाबाई घालूनपाडून बोलायची. सुधाकरच्या हातापायाच्या काड्या पाहिल्या की तिचा तोल जाई. "पोराच्या पोटात काई टाकतं का नाई वं? तुह्या हाताले गुणच नाई." सिंधूबाई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहायच्या. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत मुठी आवळायचे.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. पत्रक पुन्हा छापायचं होतं आणि मी कच्चा छाप दाखवायला मास्तरांकडे गेले होते. सुधाकर ओसरीच्या उन्हात पाय घोंगडीत गुंडाळून एका रेडिओचं पोट उघडून बसला होता. रेडिओ दुरुस्तीचं काम त्याने तेव्हा नुकतंच सुरू केलं होतं. बसून करायचं, अंग न ताणता करायचं काम. मंदा तांदूळ निवडत होती. तेवढ्यात फाटकातूनच हाक आली.

"दादा, जुळलं!"

गोदाबाईच्या एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता.

"काय जुळलं वं?" मास्तर म्हणाले.

"रगत! तूच सांगितलं ना आमच्या शायेत, बियाण्यावानी पारखून घ्या म्हून? म्या ऐकलं. गजाले घेऊन वर्ध्याले गेलती. डॉक्टर म्हने, याच्यात ते अर्धं हाय. म्या म्हनलं, माह्या भाचीच्या रगतात बी अर्धंच हाय, माह्या भावानं पाह्यलं हाय! एकाच जातीचं बियाणं निंगालं दादा. आता दुसऱ्याची पोरगी कायले पाहू? हे लुगडं वयनीले. आता इहीन हाय ते माही."

आणि तिने पेढा मास्तरांच्या हातात ठेवला.

मास्तर पेढ्याकडे पाहत उभे राहिले. बहिणीने त्यांचं भाषण सगळ्या गावात सगळ्यांत लक्ष देऊन ऐकलं होतं. त्यांचं आवडतं वाक्य तिने अक्षरशः पाळलं होतं. आयुष्यभर बी धरणाऱ्या बाईने एकजात बी शोधून काढलं होतं आणि ते घेऊन ती आनंदाने भावाच्या दारात आली होती.

"बस गोदे. पानी पे."

"पानी मंग. आधी तोंड गोड कर."

मास्तर बसले. पेढा पुड्यावर परत ठेवला. मग म्हणाले, "सिंधू, चिंचोके हायेत का वं घरात?"

सिंधूबाईंनी मूठभर चिंचोके आणून ठेवले. मास्तरांनी पाट्याच्या कोपऱ्यावर ठेवून दोन फोडले. चिंचोका फुटला की त्याच्या दोन डाळी होतात. एका अंगाने काळपट तपकिरी, दुसऱ्या अंगाने पांढऱ्या. आमच्याकडची पोरं त्या फाशांसारख्या टाकून खेळतात. मास्तरांनी दोन फोडी निवडल्या, काठ दगडावर घासले आणि बहिणीच्या हातात दिल्या.

"आपून खेयत होतो ना?"

"तू लय चेंगट होता," गोदाबाई म्हणाली. "हारला का डाव मोडे."

"हा एक गजा. हे एक मंदा. काया अंग चांगलं, पांढरं अंग म्हंजे ते सिकलसेल. दोघंबी ठणठणीत हायेत, पन दोघांलेबी एक अंग पांढरं हाय. लेकरू होते तवा ते दोघांकडून एक-एक अंग घेते. कोनतं घेईन, आपल्या हाती नाई. फेक."

गोदाबाईने खुशीत फेकलं. एक काळं, एक पांढरं.

"हे?"

"गजासारखं. काई होत नाई."

पुन्हा फेकलं. दोन्ही काळी. "पाय! हे त अस्सलच निंगालं."

"फेक."

ती फेकत राहिली. खेळ तिच्या हाताला आठवला होता. मनगटाला झटका देऊन ती फोडी उडवत होती आणि मधेच मंदाकडे पाहून हसत होती. मग एकदा दोन्ही फोडी पांढऱ्या पडल्या.

"अन् हे?"

ओसरीच्या उन्हातून, रेडिओवरची मान वर न करता, सुधाकर म्हणाला, "तो मी, आत्या."

गोदाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग फोडींकडे. मग भावाकडे आणि चुलीशी उभ्या राहिलेल्या सिंधूबाईंकडे. तिचा चेहरा बदलत गेला तो मी पाहिला. शिकलेल्या माणसांना फळ्यावर आकडे मांडून जे समजवावं लागतं, ते तिला त्या दोन पांढऱ्या फोडींवरून पुरतं कळलं.

"म्हंजे दादा, तू बी अर्धा? अन् सिंधू बी?"

"हाओ."

"तुमचं लगीन त म्या लावलं."

तिने पडलेल्या फोडी उचलून मुठीत घेतल्या.

"कवापासून मालूम हाय तुले?"

"सुधा लहान होता, नागपूरले नेलतं तवापासून."

"अन् इले?"

सिंधूबाईंनी मान खाली घातली.

गोदाबाईचा मोठा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "मी इले काय काय बोलली दादा. पोराले उपाशी ठेवतं म्हनलं. हाताले गुण नाई म्हनलं. तिनं ऐकून घेतलं, अन् तू बी ऐकत बसला? साऱ्या जिल्ह्याले सांगत फिरून राह्यला, अन् बहिणीले नाई?"

"तुले वाईट वाटन म्हून..."

"आता वाटून नाई राह्यलं का?"

मास्तर मंदाकडे वळले. "तू सांग बाई. लगीन तुहं हाय."

मंदा तांदळाचं सूप बाजूला ठेवून उठली. घरात कुणी तिला काही विचारलं असेल तर ते पहिल्यांदाच, असं तिच्या उभं राहण्यावरून वाटत होतं. "आत्या, गजा चांगला हाय. त्याच्यात खोट नाई. पन सुधादादा कण्हते तवा त्याचे पाय धरून मी बसतो. माह्या लेकराचे पाय असे धरून बसाचं, हे मले नाई जमणार."

मुलीने 'बसतो' म्हणणं ही आमच्याकडची बोली. पण मला त्या क्षणी ती खरोखरच कुणा कर्त्या माणसासारखी वाटली.

गोदाबाईने लुगडं पिशवीत खोल दाबलं आणि उठली. पाणी प्यायली नाही. पेढे तिथेच राहिले. त्या दोन फोडी मात्र तिच्या मुठीत तशाच गेल्या. तिच्या ध्यानातही नसावं.

ती गेल्यावर मी मास्तरांशी भांडले. मला राहवलंच नाही. एका बाईने वर्षानुवर्षं टोमणे गिळायचे आणि दुसरीने काही ठाऊक नसताना ते मारत राहायचं, यालाच तुम्ही माया म्हणता का, असं मी विचारलं. घराबाहेर विज्ञान आणि घरात झाकपाक, मग आमच्या पत्रकाला अर्थ काय? मी बरंच बोलले. मास्तरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "चुकलं." बस, एवढंच. पुढे पण नाही, परंतु नाही. मोठमोठ्या सभांमध्ये मी पुष्कळ पुरुष गरजताना ऐकले होते. हा शब्द मात्र त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. ते उठून चुलीपाशी गेले आणि सिंधूबाईंनाही तेच म्हणाले. सिंधूबाई म्हणाल्या, "मी त मनानंच ऐकून घेतलं. ते बोलत होती तवा पोराच्याच काळजीनं बोलत होती ना." ही गोष्ट मला तेव्हा पटली नाही. आजही पुरती पटत नाही. पण ती सिंधूबाईंची होती आणि ती त्यांनी कुणाच्या दबावाने सांगितली नव्हती.

वांग्याचं वाक्य मास्तरांनी कच्च्या छापावर आडवी रेघ मारून काढून टाकलं. त्यानंतर कुठल्याही गावात ते बियाण्याबद्दल बोलले नाहीत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चिंचोके आले. फोडलेले आणि अख्खे, दोन्ही. अख्खा चिंचोका सगळीकडून काळा, म्हणजे ज्याच्या रक्तात काहीच नाही असा माणूस. फोडी ते स्वतः निवडत, एकाच अंगावर पडणाऱ्या फेकून देत, काठ घासत बसत. चालताना खिसा खुळखुळे. लोकांना मास्तर येण्याआधी त्यांचे चिंचोके ऐकू येत. म्हाताऱ्या बाया घोळका करून फासे टाकत. "एकदा बिमार लेकरू झालं म्हंजे पुढचे चांगले, असं नाई का हो मास्तर?" कुणी विचारी. मास्तर म्हणत, "चिंचोक्याले आठवण नसते माय. दरवेळी नवीनच पडते." आणि भाषणाची सुरुवातही बदलली. "आधी माह्या घरचं सांगतो," असं ते म्हणत. पुष्कळदा सिंधूबाई शेजारी बसलेल्या असत.

गोदाबाई माहेरी यायची बंद झाली. मंदाचं लग्न झालं, नवऱ्या मुलाचं रक्त आधी पाहून झालं, तरी ती आली नाही. मास्तर मात्र दर भाऊबिजेला तिच्या गावी जात. एसटीने समुद्रपूर, तिथून पायी. तिच्या दारातल्या ओट्यावर बसत. मेहुणे बोलायला येत, चहा येई, पण आतून ओवाळायला कुणी येत नसे. मग ते उठून परत येत. "काय झालं मास्तर?" मी विचारलं की म्हणत, "काई नाई. बसून आलो." त्यांच्या बोलण्यात तक्रार नसे. वाडीला पाणी देऊन आलो म्हणावं तसं म्हणत.

मी चंद्रपूरकडे कामाला जायचं ठरवलं, त्या दिवाळीत मास्तर म्हणाले, "चल माह्यासंगं. समुद्रपूरच्या बाजारात कागद बी वाटणं होईन, अन् तुले तिथून गाडी बी भेटन." अशी मी त्यांच्याबरोबर त्या ओट्यापर्यंत गेले. आम्ही बसलो. अंगणात मांडवाच्या बल्ल्या रचून ठेवल्या होत्या. गजाननचं लग्न ठरलं होतं. मेहुण्यांनी कापसाची, पावसाची चौकशी केली. चहा आला. मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकला.

तेव्हा गोदाबाई दारात आली. हातात ताट होतं.

तिने ताट खाली ठेवलं. पाट मांडला. मास्तर पाटावर बसले. तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, दिवा ओवाळला. ताटात सुपारीच्या शेजारी दोन चिंचोके ठेवले होते. एक फोड, हाताळून हाताळून काठ गुळगुळीत झालेली. आणि एक अख्खा.

"फोड म्हंजे माहा गजा," ती म्हणाली. "अख्खी ते सून. मीच नेलती वर्ध्याले. पोरीची माय म्हने, काऊन बावा, पोरीत खोट काढून राह्यल्या का? म्या म्हनलं, खोट माह्या पोरात हाय, म्हून तुही पोरगी पाहून राह्यली." आणि चिंचोक्यांकडे बोट करून, "खेयून पाह्यलं म्या घरी. लय येळा फेकलं. एक पांढरं पडते. दोन नाई पडत."

मास्तरांनी ताटातले दोन्ही चिंचोके उचलले, तळहातावर घेतले, पण फेकले नाहीत. मूठ मिटली.

"चेंगट," गोदाबाई म्हणाली. "अजून डाव मोडते."

निघताना तिने आतून एक पुडकं आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं. कागद एका कोपऱ्यात फाटला होता आणि तिथून हिरवा काठ दिसत होता. "हे वयनीले देजो," ती म्हणाली. "म्हनजो..." मग तिने डोळ्याला पदर लावला. "काई नोको म्हनू. मीच येतो पोराच्या लग्नाचं आवतन घेऊन. मीच म्हनन."

समुद्रपूरच्या स्टँडवर आमच्या गाड्या वेगळ्या होत्या. त्यांची आधी लागली. मास्तर खिडकीशी बसले. कपाळावर कुंकू आणि दोन-चार अक्षता तशाच. ते पुडकं त्यांनी वरच्या फळीवर ठेवलं नाही. मांडीवर घेतलं होतं, दोन्ही हातांनी, गाडी हलली की त्यातलं कुणी जागं होईल अशा बेताने. मला त्यांना बरंच काही सांगायचं होतं. सिंधूबाईंची माफी गोदाबाईने मागायच्या आधी तुम्ही मागितली होती, हे मी विसरले नाही. आणि तरी माझं भांडण मिटलेलं नाही. आणि तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. यातलं एकही वाक्य मला जुळवता आलं नाही.

गाडी सुरू झाली. फाटकाशी वळताना मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागे पाहून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "पानी पेली का वं?"

मी नळाकडे धावले आणि ते पाहत होते तोवर ओंजळीने पाणी पीत राहिले.